तंबोरा ढळू नये म्हणून

टर्नटेबल विकणारा माणूस गिऱ्हाइकाला आधी दणका ऐकवतो. ड्रम, बेस गिटार, एखादं गाजलेलं इंग्रजी गाणं. खोली घुमते आणि निम्मा सौदा तिथेच होऊन जातो. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत ऐकणाऱ्याने एवढ्यावर हुरळून जाऊ नये. आपली रेकॉर्ड काखोटीला मारून दुकानात न्यावी, सुई टेकवायला सांगावी आणि गवयाचा आवाज लागण्याआधी जो नुसता तंबोरा वाजत असतो, तो कान देऊन ऐकावा. आपल्या संगीतासाठी यंत्र निवडायचं तर तंबोरा हीच पहिली कसोटी, असं माझं ठाम मत आहे. बाकीचे गुण मागाहून पाहता येतात.

ड्रमचा ठोका क्षणात संपतो. फिरण्याच्या वेगात जरासा फरक पडला तरी अशा आवाजांत तो लपून जातो. तंबोरा त्याला लपू देत नाही. चार तारांची आवर्तनं अखंड चालू असतात, आणि षड्ज हा आपल्याकडे अचल स्वर. थाळी किंचित रेंगाळली किंवा किंचित घाईला आली, की तो अचल स्वर चळतो. वेग चुकला म्हणून गाणं तंबोऱ्याशी बेसूर मात्र होत नाही, कारण दोघंही एकाच खाचेतून येतात आणि बरोबरच वर-खाली होतात. बिघडतं ते निराळंच. गायिका आणि तंबोरा मिळून सगळी मैफल झोके घ्यायला लागते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात बसलेला षड्ज पुन्हा पुन्हा हातून सुटतो.

हे तपासायला माझी पसंती गायिका किशोरी आमोणकरांच्या भूप रागाला. एचएमव्हीने काढलेली ही एलपी. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. भूपात मध्यम नाही, निषाद नाही. पाच सुरांवर सगळा डोलारा, आणि त्यात गंधार वादी. तंबोऱ्याची जवारी नीट लागलेली असली की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार आपोआप ऐकू येतो, हे तंबोऱ्याशेजारी बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. किशोरीताई विलंबितात गंधारावर येऊन ठेपतात, तेव्हा गळ्यातला गंधार आणि तारेतला गंधार एकमेकांत मिसळायला लागतात. चांगल्या यंत्रावर त्या क्षणी आवाजाची कड नाहीशी होते. गळा कुठे संपला आणि तार कुठे सुरू झाली, हे सांगता येत नाही. सुमार यंत्रावर तंबोरा मागे नुसता गुणगुणत राहतो आणि गंधाराला बारीकसा कंप येतो. तो कंप गायिकेचा नसतो. इतक्या सूक्ष्म मींडेत यंत्राने आपल्या पदरची आंदोलनं घातली, की नवखा ऐकणारा ती किशोरीताईंच्या नावावर जमा करतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आता थोडा हिशेब. एका अर्धस्वराचे शंभर भाग पाडले तर त्या एका भागाला सेंट म्हणतात. प्रमाणश्रुती साधारण २२ सेंटची. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. रेकॉर्डचं मधलं भोक खाचांच्या मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकलेलं असलं, तर लेबलाजवळच्या खाचांत सूर दर फेऱ्याला सुमारे १४ सेंट वर आणि १४ सेंट खाली जातो. या टोकापासून त्या टोकापर्यंत २८ सेंट, एका श्रुतीहून जास्त! बाहेरच्या कडेला खाचेचा घेर मोठा असल्यामुळे हाच दोष निम्म्याहूनही कमी भासतो. अशी रेकॉर्ड ओळखायला कान तयार असावा लागतो असंही नाही. सुई खाचेत असताना ती धरणाऱ्या आर्मकडे वरून पाहावं. ती एकसारखी आत सरकत गेली पाहिजे. दर फेऱ्याला आत-बाहेर डोलत असेल, तर भोक सरकलेलं आहे आणि टर्नटेबल निर्दोष आहे. जपानच्या नाकामिची कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टीएक्स-१००० नावाचं एक टर्नटेबल काढलं होतं. ते आधी रेकॉर्ड किती सरकलेली आहे हे मोजायचं, मग तेवढं अंतर भरून काढायला ती जागेवर आणायचं. अशा यंत्राची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यातली नव्हती, पण ज्याला हे यंत्र सुचलं त्याला माझा नमस्कार. काही संग्राहक घरीच भोक केसभर मोठं करतात आणि आर्मचं डोलणं बघत बघत रेकॉर्ड मधोमध बसवतात. साध्या रेकॉर्डवर हे जरूर करावं. दुर्मीळ रेकॉर्डला मी हात लावू देणार नाही.

यंत्राचा स्वतःचा दोष त्यापुढे किती लहान असू शकतो, हे पाहायचं तर टेक्निक्सचं एसएल-१२०० समोर ठेवावं. जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९७२ साली हे मॉडेल काढलं ते घरी बसून गाणं ऐकणाऱ्यांसाठी. त्याच्या दोन वर्षं आधी याच कंपनीच्या एसपी-१०ने टर्नटेबलची जुनी रचना मोडीत काढली होती. तोवर मोटर एका बाजूला आणि थाळी दुसऱ्या बाजूला असे, मध्ये रबरी चाक नाहीतर रबरी पट्टा. मोटर भराभर फिरणार आणि तिचा वेग उतरवत उतरवत थाळीपर्यंत आणायचा. या वाटेवर चाक झिजतं, त्याला खळगे पडतात, पट्टा उन्हाळ्यागणिक सैल होतो. कंपनीचे अभियंते शुइची ओबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधलं सगळंच काढून टाकलं. मोटरचा आस हाच थाळीचा आस, आणि मोटर स्वतःच मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी संथ फिरणारी. १९७९च्या मार्क टू मॉडेलमध्ये हा वेग क्वार्ट्झच्या स्फटिकाशी बांधला गेला. त्याच्या वेगातला चढउतार कंपनीने ०.०२५ टक्के दिला आहे. सेंटमध्ये सांगायचं तर अर्ध्या सेंटहूनही कमी. बटण दाबल्यावर पाऊण सेकंदाच्या आत थाळी पूर्ण वेगाला येते.

थाळीच्या कडेला ठिपक्यांच्या चार रांगा आहेत आणि शेजारच्या बुरुजातून त्यांच्यावर लाल उजेड पडतो. वेग बरोबर असला की एक रांग जागच्या जागी थांबलेली दिसते. किशोरीताईंचा विलंबित चालू असताना मी त्या रांगेकडे पाहत बसतो. ती हलत नाही, आणि तंबोराही हलत नाही. खर्जाच्या दोन आघातांमधली जागा रिकामी आणि स्वच्छ राहते, तिथे मोटरची घरघर नसते. आर्म उचलायचा खटका खाली केला की सुई सावकाश, आपल्याच लयीत खाली येते, हाताच्या थरथरीचा तिच्याशी संबंध उरत नाही. वयस्कर माणसाला घरी एकट्याने रेकॉर्ड लावायची असेल, तर हा खटका केवढा मोठा दिलासा आहे!

या यंत्राचा लौकिक मात्र वेगळ्याच जगात झाला. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या डीजेंनी थेट मोटरवर फिरणारी टेक्निक्सची टर्नटेबलं हातात घेतली, थाळी हाताने मागेपुढे फिरवायला सुरुवात केली आणि त्यातून हिपहॉपचा एक सबंध वाद्यप्रकार उभा राहिला. त्यामुळे बरेच दर्दी लोक अजूनही एसएल-१२००कडे ‘डीजेचं यंत्र’ म्हणून पाहतात. मला हे पटत नाही. हाताने अडवली तरी सुटल्याबरोबर पुन्हा आपल्या वेगाला येणारी थाळी हीच तर आपल्या षड्जाची गरज आहे. २०१०मध्ये कंपनीने याचं उत्पादन थांबवलं आणि २०१६मध्ये नव्या मोटरसह पुन्हा सुरू केलं. मधल्या काळात जुन्या मार्क टूंना मागणी कमी झाली नाही, यातच सगळं आलं.

डीजेंनी वापरलेली उजव्या हाताची वेगाची पट्टी तर आपल्याला फारच उपयोगी आहे. तिच्यावर वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येतो. साधारण सहा टक्क्यांनी एक अर्धस्वर चढतो, म्हणजे गाणं शिकणाऱ्या मुलीला रेकॉर्ड आपल्या पट्टीच्या जवळ आणून तिच्यासोबत बसता येतं. आणि जुन्या ७८च्या रेकॉर्ड? त्यांना ७८च्या म्हणतात खरं, पण सुरुवातीच्या काळातल्या कितीतरी रेकॉर्ड त्याहून कमी किंवा जास्त वेगावर भरलेल्या आहेत. ७५ फेऱ्यांवर भरलेली रेकॉर्ड ७८वर लावली, तर आवाज पाऊण अर्धस्वराच्या जवळपास चढतो, बारीक होतो, ताना उगाच घाईच्या वाटतात. मग साथीच्या हार्मोनियमची पट्टी हाताशी धरायची आणि गळा मोकळा वाटेपर्यंत वेग उतरवायचा. बालगंधर्वांचं एखादं पद असं आपल्या जागेवर बसलं, की त्या आवाजाने महाराष्ट्राला वेड का लावलं ते कळतं. एक मात्र पाहून घ्यावं: जुन्या मार्क टूवर ७८चा वेग नाही. मार्क सेव्हन, जीआर आणि घरच्यांसाठी काढलेलं एसएल-१५००सी या नव्या मॉडेलांवर तो आहे. एसएल-१५००सीवर वेगाची पट्टी मात्र नाही. अब्दुल करीम खाँसाहेब आणि हिराबाई बडोदेकर ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांनी हे दोन्ही आधी विचारावं.

वेगाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट, विशेषतः अमेरिकेतून परतणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी. तिथून आणलेलं जुनं पट्ट्याचं टर्नटेबल, एखादं थोरेन्स किंवा एआर, इथे ट्रान्सफॉर्मर लावून चालू केलं जातं आणि गाणं दमल्यासारखं ऐकू येतं. ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज उतरवतो. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०ची, आणि या मोटरी विजेच्या त्या आवर्तनांवरच चालतात. थाळी मिनिटाला ३३⅓ ऐवजी जेमतेम २८ फेरे घेते. काळी चारमध्ये गाणारी गायिका थेट पांढरी चारवर उतरते. इलाज सोपा आहे, मोटरवरची कप्पी ५० हर्ट्झची बसवून घ्यायची. क्वार्ट्झवाल्या टर्नटेबलला ही अडचणच येत नाही.

पट्ट्याच्या यंत्रांवर अन्याय नको. इंग्लंडमधल्या रेगाचं प्लॅनर थ्री १९७७पासून घरोघर आहे, आणि रेगाचे संस्थापक रॉय गँडी यांची हलक्या, ताठ बांधणीची कल्पना मला मनापासून आवडते. काचेची थाळी, साधी फळी, एकच नेटकी आर्म. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही एलपी त्यावर ऐकावी. शिवकुमार शर्मांच्या संतूरचा प्रत्येक आघात कोरडा आणि टोकदार येतो, माणिकराव पोपटकरांच्या तबल्याची शाई बोटाखाली जाणवते. या रेकॉर्डमागे भावगीतगायक आणि एचएमव्हीचे अधिकारी जी. एन. जोशी यांचा हात होता, आणि वाद्यं डावी-उजवीकडे कशी मांडली आहेत ते ऐकलं की त्यांच्या कानाला दाद द्यावीशी वाटते. पण प्लॅनर थ्रीवर ७८ नाही, आणि आर्मचं टोक निघत नाही. ज्याच्याकडे फक्त एलपी आहेत त्याने ते खुशाल घ्यावं. स्विंडनचं गॅरार्ड ३०१, १९५४चं, दिसायला आणि वाजायला भारदस्त आहे, ७८सह तीन वेग त्यावर आहेत. मात्र रबरी चाकावर चालणाऱ्या या यंत्राची मोटर खालच्या पट्टीत घरघरते आणि खर्जाच्या तारेला तिचा त्रास होतो. ओळखीचा जुना कारागीर असेल तरच त्याच्या वाटेला जावं. सुटकेसच्या आकाराचे स्वस्त प्लेअर मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. त्यांची सुई दुप्पट-तिप्पट वजनाने खाचेत रुतते आणि रेकॉर्ड कायमची झिजते.

आर्मचं टोक, म्हणजे हेडशेल, सहज निघावं हा माझा आग्रह आहे, कारण मराठी घरातला संग्रह एका जातीचा नसतो. आजोबांच्या ७८च्या लाखेच्या रेकॉर्ड, मग मोनो एलपी, मग स्टिरिओ. एचएमव्हीच्या एलपींवर क्रमांकावरूनच हे कळतं: ई.ए.एल.पी., ई.सी.एल.पी. असेल तर मोनो, ई.ए.एस.डी., ई.सी.एस.डी. असेल तर स्टिरिओ. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं. ७८ची खाच त्यामानाने फार रुंद, तिला ६५ ते ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई ७८वर टेकवली, तर ती खाचेच्या भिंतींना धड न टेकता तळाशी घसरत जाते. तळाशी असते फक्त धूळ आणि खरखर. मग लोक म्हणतात, जुनी रेकॉर्ड खराब झाली. योग्य सुई लावली, अॅम्प्लिफायर मोनोवर टाकला, की त्याच रेकॉर्डमधून खरखरीचा मोठा भाग गळून पडतो आणि सारंगी पुढे येते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम-९५ जातीच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे सुई जिला बसते त्या डबीत, तर अंग तेच ठेवून फक्त सुई बदलता येते, आणि तिच्यात ७८चीही सुई मिळते.

सुईच्या आकाराचा खरा कस एलपीच्या शेवटी लागतो. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे अर्धा मीटर सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१ सेंटिमीटर. तोच आवाज तिथे निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. आता ख्यालाची मांडणी आठवा. विलंबित आधी, म्हणजे प्रशस्त जागेत. द्रुत नंतर, म्हणजे अगदी दाटीत. भीमसेन जोशींच्या द्रुतातल्या ताना, जिथे प्रत्येक दाणा सुटा ऐकू यायला हवा, त्याच नेमक्या सर्वांत अडचणीच्या खाचांत येऊन पडतात. गोल टोकाची साधी सुई तिथे वळणं कापत जाते. तान चिकटते, ‘स’ आणि ‘श’ फिसकारतात, आणि तंबोऱ्याची जवारी मावळते. मिरजेच्या कारागिराने दोऱ्याने जुळवून आणलेली ती झणकार म्हणजे वरच्या स्वयंभू स्वरांचं बारीक जाळं. झिजलेली किंवा बोथट सुई सगळ्यांत आधी तेच खाते. म्हणून टर्नटेबलवरचे थोडे पैसे वाचवून मी ते लंबगोल किंवा त्याहून बारीक कडेच्या सुईवर घालीन. कार्ट्रिज बसवताना कागदी मापपट्टीवर दोन ठिकाणी कोन जुळवून घ्यायचा असतो. दुकानदार हे टाळायला बघतो. त्याला ते करायला लावावं.

वेगाची ही काळजी कुणाला फाजील वाटत असेल, तर त्याने केसरबाईंची रेकॉर्ड आठवावी. १९७७ साली दोन्ही व्हॉएजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी अंतराळात गेली, तिच्यात गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ही तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी फिरवायची आहे. सोबत कार्ट्रिज आणि सुई ठेवलेली आहे. पण ज्याला सेकंद ठाऊक नाही, त्याला वेग कसा सांगणार? तेव्हा एका फेऱ्याला लागणारे ३.६ सेकंद हायड्रोजन अणूच्या एका मूलभूत बदलाच्या कालावधीत मोजून वेष्टनावर कोरले आहेत. विश्वात कुठेही हायड्रोजन तोच, म्हणून केसरबाईंचा षड्जही तोच. कुणी ती रेकॉर्ड वाजवेल न वाजवेल, पण ज्यांनी ती पाठवली त्यांनी सुराची पट्टी ढळू नये याची तजवीज केली, याचा एक ऐकणारा म्हणून मला आनंद वाटतो.

फोनो अॅम्प्लिफायरबद्दल थोडक्यात. एलपी भरताना खालचे स्वर दाबलेले आणि वरचे चढवलेले असतात. १९५४पासून त्याचं एक ठरलेलं माप आहे, आणि ऐकताना फोनो अॅम्प ते उलटं फिरवतो. एसएल-१५००सीसारख्या यंत्रात तो आतच असतो. ७८च्या रेकॉर्ड बहुतेक त्या मापाआधीच्या, प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं, म्हणून ट्रेबल-बेसचे खटके असलेला जुना अॅम्प्लिफायर घरात असेल तर तो मोडीत काढू नये. टर्नटेबल स्पीकर ठेवलेल्या टेबलावर ठेवू नये, भिंतीतल्या फळीवर ठेवावं. पावसाळ्यात रेकॉर्डना बुरशी धरते, ती सुईने साफ करायची नसते.

माझी स्वतःची निवड विचाराल, तर ७८चा वेग, वेगाची पट्टी आणि निघणारं हेडशेल असलेलं एसएल-१२००, मार्क सेव्हन किंवा जीआर. ते आवाक्याबाहेर असेल, तर ऑडिओ-टेक्निकाचं एलपी-१२०एक्स. त्यावरही हे तिन्ही आहे. आर्मची सफाई टेक्निक्सच्या तोडीची नाही, पण तंबोरा ढळत नाही. दोन हेडशेल घ्यावीत, एक एलपीच्या सुईचं, एक ७८च्या. आणि दुकानात भूपाची बाजू सुरुवातीपासून ऐकून झाली, की आर्म उचलून शेवटच्या दोन इंचांवर टेकवायला सांगावी, म्हणजे द्रुताच्या ताना सुट्या येतात की चिकटतात हे पैसे देण्याआधीच कळेल.